एप्रिलातल्या कामट्या

मॅटी हीननला बसलेलं असं मी एकदाच पाहिलं. एरवी तो चहा उभ्यानं प्यायचा, सँडविच उभ्यानं खायचा, रविवारी चर्चमध्येसुद्धा मागच्या दाराला टेकून उभा राहायचा. बसलं की गुडघे धरतात, असं तो सांगे. मला ते कधी पटलं नाही. बसलं की समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि मॅटीला बघायची असायची ती छपरं. तुमच्याशी बोलताना त्याची नजर तुमच्या डोक्यावरून वर सरकायची. आपलं बोलणं त्याला कंटाळवाणं वाटतंय, असं नव्या माणसाला वाटे. प्रत्यक्षात त्याला तुमच्या मागच्या घराच्या वळचणीला शेवाळ दिसलेलं असायचं.

तो गवताची छपरं शाकारायचा. शॅनन नदीच्या पश्चिमेला कारनमोर नावाचं गाव आहे, तिथे. मी तिथे राहायला गेले २०१९च्या शेवटी, कारण गावाबाहेरच्या कारखान्यात मला नोकरी लागली होती आणि शहरातली भाडी परवडत नव्हती. गावात एकेकाळी लोहार होता, पिठाची गिरणी होती, दूध गोळा करणारी क्रीमरी होती. आता लोहाराच्या भट्टीत सुगंधी मेणबत्त्या मिळतात, क्रीमरीत जिम आहे, आणि गिरणीत फ्लॅट काढलेत. प्रत्येक ठिकाणी दारावर पितळी पाटी: इथे अमुक साली अमुक होतं. ज्या कामाला आपण मरू दिलं त्याला पितळी पाटी लावायची आणि वर त्याचा अभिमान बाळगायचा, ही रीत मला तेव्हाही चीड आणायची, आताही आणते. माझं लहानपण बाबांच्या युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. तिथे श्रमाबद्दल पुष्कळ लिहिलेलं असे, पण मॅटीसारख्याबद्दल एक ओळही नव्हती. त्याला मालक नव्हता, संप करायला सोबती नव्हते, आणि सुट्टी हा शब्द त्याला शिवीसारखा वाटे.

पहिल्या भेटीत त्यानं विचारलं, "त्या कारखान्यात काय बनवता तुम्ही?"

"स्टेंट. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची बारीक जाळी."

"किती टिकते?"

"माणूस असेपर्यंत."

तो माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघत राहिला. "हे काही उत्तर नाही झालं, पोरी. माणूस किती टिकतो ते आधी कुणीतरी सांगायला हवं."

"किती टिकतं?" हा त्याचा सगळ्याला एकच प्रश्न. नवी गाडी, नवं सरकार, नवं लग्न, सगळ्याला. आणि त्याचं पेटंट उत्तर म्हणजे "ग्रँड". आयर्लंडमध्ये हा शब्द 'छान, ठीक' अशा अर्थानं सगळेच वापरतात. मॅटी मात्र तो दार लावून घ्यावं तसा वापरायचा. ज्या विषयावर पुढे बोलायचं नाही त्यावर तो "ग्रँड" म्हणायचा, आणि विषय बंद.

मी गावात यायच्या आधीची एक गोष्ट मला निदान सहा जणांनी सांगितली. तालुक्याच्या जत्रेत 'जुनी कला' दाखवायला मॅटीला बोलावलं होतं. मैदानात लाकडाचा एक खोटा सांगाडा उभा केला होता, माणसाच्या उंचीचा. त्याच्यावर त्यानं लोकांसमोर शाकारून दाखवायचं. त्याला वेस्टकोट आणि टोपीसुद्धा दिली होती. मॅटीनं दोन ओळी घातल्या, मग वाकून सांगाड्याच्या खाली पाहिलं, हातातली ठोकायची मोगरी खाली ठेवली आणि निघाला. जत्रा भरवणाऱ्या बाई धावत आल्या, काय झालं म्हणून. तो म्हणाला, "खाली कुणी राहत नाही." वेस्टकोट मात्र परत केला नाही. तोच घालून तो पुढे कामावर यायचा.

माझ्या समोरचं घर ब्रायडी मोनाहनचं. वय अठ्ठ्याऐंशी. नवरा गेलेला, मुलगा डेक्लन डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला. तिच्या घराच्या मागच्या पाख्यातून पाणी झिरपायला लागलं होतं. २०२०च्या मार्चमध्ये मॅटीनं ते काम घेतलं. डोक्यावर काम चालू असताना धुळीत कशाला राहायचं म्हणून ब्रायडीला पंधरा दिवसांसाठी जवळच्या शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवायचं ठरलं. ती जायला तयार नव्हती. मॅटीनं तिला शब्द दिला: "पंधरा दिवस, ब्रायडी. सोळाव्या दिवशी तू तुझ्या चुलीशी."

मग त्यानं छप्पर उघडलं. तिकडची पद्धत अशी की जुनं गवत सहसा काढत नाहीत, कुजलेला वरचा थर खरवडायचा आणि त्यावर नवा चढवायचा. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांचे थर एकावर एक साचतात. मॅटीनं मला शिडीवर बोलावून कापलेली कड दाखवली. "हे राय धान्याचं काड. हे गव्हाचं. ही बघ, लव्हाळी. त्या साली काड मिळालं नसणार, वाईट वर्ष. आणि हा पीळ," त्यानं बोटानं एक काळी पडलेली गवताची दोरी उचलली, "हा जिमी क्वीनचा. डावखुरा होता. शाब्बास, जिमी." तो जिमी गावातला जुना शाकारणारा, मॅटीच्या जन्माआधी वारला होता.

मात्र मागचं पाखं त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार वाईट निघालं. थर आतपर्यंत सडले होते. वाशांवर घातलेल्या गवताळ मातीच्या पट्ट्यांपर्यंत सगळं उतरवावं लागलं. वर ताडपत्री टाकली. आणि त्याच आठवड्यात देश बंद झाला.

बांधकामं बंद. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. आणि सत्तरीपुढच्यांनी तर घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही. त्याला सरकारनं नाव दिलं होतं कोकूनिंग, म्हणजे कोशात बसणं. मॅटी एकाहत्तर वर्षांचा होता.

त्या एप्रिलसारखा कोरडा, लख्ख एप्रिल कुणाला आठवत नव्हता. शाकारायला याहून चांगली हवा मिळत नाही. मॅटी त्याच्या अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालायचा. मी कामावर जाताना तो चालत असायचा, परतताना चालत असायचा. आमचा कारखाना अत्यावश्यक ठरला होता, माझ्याकडे तसं पत्र होतं. मी गाडी थांबवून भिंतीपलीकडून विचारायची, "कसे आहात?"

"ग्रँड."

सोळावा दिवस उलटला, तिसावा उलटला. नर्सिंग होमनं दारं बंद केली होती, भेटायला कुणालाच सोडत नव्हते. मग बातमी आली की तिथले दोन म्हातारे गेले. मी सायलीला फोन केला. सायली माझी पुण्यातली मैत्रीण, नावन शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टर.

"अगं, तुझं कोण आहे तिथे?" ती म्हणाली.

"शेजारीण. अठ्ठ्याऐंशी वर्षांची."

"तिला स्वतःचं घर आहे ना? मग तिथे का बसवलीये?"

"घराला छप्पर नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे छप्परच नाहीये. अर्धं."

"मग पत्रा टाका, काहीपण टाका यार. पण काढा तिला तिथून. आणि हे मी तुला डॉक्टर म्हणून सांगितलेलं नाही, ओके? मैत्रीण म्हणून सांगतेय."

मी ते जसंच्या तसं मॅटीला सांगितलं. तो चालायचा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ब्रायडीच्या छपरावर ठोकल्याचा आवाज यायला लागला.

चौथ्या दिवशी गार्ड आला. इथे पोलिसाला गार्ड म्हणतात. हा शॉन, पंचविशीचा, याच गावात वाढलेला. त्यानं शिडीखाली उभं राहून हाक मारली.

"मॅटी, खाली ये."

"तूच वर ये. अंतर आपोआप राहील."

"तुझं वय किती?"

"एकोणसत्तर."

"गेल्या वर्षी हॉलमध्ये तुझी सत्तरी झाली. केक माझ्या आईनं केला होता."

"केक चुकला होता. तुझी आई नेहमी घाई करते."

शॉननं टोपी काढून डोकं खाजवलं. ताडपत्रीकडे पाहिलं. "मी आता चौकात जातोय. परत येईन तेव्हा वर कुणी दिसता कामा नये."

"कधी येणार?"

"ते अजून ठरलेलं नाही," शॉन म्हणाला, आणि पंधरा दिवस त्या रस्त्यानं फिरकला नाही.

गवत पुरेसं होतं. कामट्या संपल्या. गव्हाच्या काडाचा थर छपरावर बसतो तो हेझल या झुडपाच्या लवचिक फोकांच्या कामट्यांनी. अंगठ्याएवढा फोक उभा चिरायचा, मध्ये पिळून केसातल्या आकड्यासारखा वाकवायचा आणि गवतात ठोकायचा. वरची ओळ खालच्या ओळीच्या कामट्या झाकत जाते, म्हणून काम झाल्यावर त्या कुणाला दिसत नाहीत. मॅटीनं थंडीत तोडून ठेवलेल्या कामट्या फक्त वरच्या थरापुरत्या होत्या. सगळं पाखं नव्यानं घालायचं तर ठरलेलंच नव्हतं. हेझलचं रान नऊ किलोमीटरवर, वाटेत पोलिसांचा नाका, आणि मॅटीला तिथला प्रत्येक गार्ड ओळखणारा. माझा कारखान्याचा रस्ता त्या रानाजवळून जायचा.

फोक आणशील का, असं त्यानं विचारलं तेव्हा तो माझ्याकडे सरळ बघत होता. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस, कामावरून सुटल्यावर, भर उजेडात फोक तोडले. सरळ, अंगठ्याएवढे, फांद्या न फुटलेले. पानं फुटली होती, ती ओरबाडून टाकली. हात चिकट झाले. नियम मोडल्याचा मला आनंद होत होता. म्हाताऱ्यांना एका छताखाली गोळा करून ठेवणाऱ्या आणि मास्क त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचवणाऱ्या व्यवस्थेला मी उत्तर देत होते, असं मला वाटत होतं. डिकी उघडून मी भारे दाखवले आणि विचारलं, "चालतील ना?"

"ग्रँड," मॅटी म्हणाला.

पाखं मेच्या मध्याला पूर्ण झालं. डेक्लन आईला घेऊन आला. दोन महिन्यांत ब्रायडी निम्मी झाली होती, कोट अंगावर टांगल्यासारखा. तिच्या समोरच्या खोलीतली बाई गेली होती, हे तिनं गाडीतून उतरता उतरता सांगितलं, हवामान सांगावं तसं. आम्ही सगळे अंगणात लांब लांब उभे होतो. वाटलं होतं ती आत जाईल, चुलीशी बसेल. ती काठी टेकत घराच्या मागे गेली.

मागची वळचण इतकी खाली येते की ब्रायडीचा हात तिथे पोचतो. ब्रायडीच्या बापानं जन्मभर हेझलचे फोक तोडले होते, पोरींना हाताशी घेऊन. तिथली कड सगळ्यात शेवटी बांधलेली, कामट्या उघड्या. तिनं वळचणीतून डोकावणारं कामटीचं एक टोक धरलं, सालीत नख खुपसलं आणि ओढलं. साल बोटावरून हातमोजा निघावा तशी सुटून आली.

"मॅटी."

"हं."

"थंडीतली साल अशी निघत नाही."

मॅटीनं छपराकडे पाहिलं.

"झाडात रस चढल्यावर तोडलेली आहे ही. किडे सोडतील का हिला?"

"नाही सोडणार."

"किती वर्षं?"

"पाच. पावसानं दया केली तर सहा."

"आणि थंडीतली असती तर?"

"वीस."

ब्रायडीनं ती साल बोटात गुंडाळली. "म्हणजे मला पाच दिलीस."

"आई, काय फरक पडतोय आता?" डेक्लन म्हणाला. "आत चल ना."

"तू गप्प बस, डेक्लन. मी माझ्या शाकारणाऱ्याशी बोलतेय."

तिथे एक बादली पालथी पडली होती. मॅटी तिच्यावर बसला. हेच ते एकदाच. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि नजर छपराकडे नाही, जमिनीवर. म्हणाला, "तुला लवकर घरी आणायचं होतं, ब्रायडी."

"आणलंस. त्याबद्दल देव तुझं भलं करो," ती म्हणाली. "पण तू हिशेब केलास." आणि ती आत गेली.

फोक मी तोडले होते. मी पुढे होऊन काहीतरी बोलायला हवं होतं. सरकारवर रागावणं मला लहानपणापासून येत होतं, या अंगणात कुणावर रागवायचं ते मला कळेना.

त्यानंतर मॅटी त्या रस्त्यानं यायचा बंद झाला. दुकानात जायला तो दलदलीकडून लांबचा वळसा घ्यायचा. उन्हाळ्यात बंदी सैल झाली, कामं आली, पण एका कामावर तो टिकेना. अर्धं पाखं सोडून दुसरीकडे जायचा, तिथून परत यायचा. लोक कुरकुरायला लागले. एकदा मी त्याला दलदलीच्या रस्त्यावर गाठलं.

"तुम्ही तिला वाचवलंत," मी म्हणाले. "छप्पर झालं नसतं तर ती आज नसती. हे तुम्हाला कळत कसं नाही?"

"कळतं."

"मग?"

तो चालतच होता, मला जवळजवळ धावावं लागत होतं. "पन्नास वर्षं हे काम करतोय. पाळण्यातल्या पोराच्या डोक्यावर केलं, आणि खाटेवर शेवटचे श्वास मोजणाऱ्याच्या डोक्यावर केलं. कधी आत कोण आहे बघून गवत जाड-पातळ केलं नाही. त्या दिवशी तू डिकी उघडलीस आणि मी मनात म्हणालो, अठ्ठ्याऐंशी अधिक पाच. पुरे." तो थांबला. "मी म्हणालो पुरे. दुसऱ्या कुणी नाही."

"पण घाई होती ना."

"घाई होती. ते खरंय. आणि हेही खरंय की घरात तीस वर्षांचं माणूस असतं तर मी म्हणालो असतो, हे तात्पुरतं, थंडीत येऊन बदलतो. ब्रायडीला तसं म्हणायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

बाबांच्या सगळ्या पत्रकांत समतेबद्दल जेवढं वाचलं होतं, त्यातलं एकही वाक्य मला त्याच्यासमोर उच्चारण्यासारखं वाटलं नाही.

२०२१च्या जानेवारीत देश तिसऱ्यांदा बंद झाला. या वेळी पाच किलोमीटर. हेझलचं रान होतं तिथेच, नऊवर. झाडांत रस उतरलेला, फांद्या उघड्या, फोक तोडायचे खरे दिवस. मी मॅटीच्या दारात जाऊन म्हणाले, "माझ्याकडे पत्र आहे अजून. मी आणते."

"नको. या वेळी नको."

तो शेतांतून चालत जायचा. गोठलेल्या गवतावरून, दगडी बांध ओलांडत, रस्ता टाळत. संध्याकाळच्या आत पाठीवर भारा घेऊन परतायचा. एक भारा, एक दिवस. महिनाभर हे चाललं. शॉननं त्याला दोनदा तरी पाहिलं असणार, कारण माझ्याजवळ तो म्हणाला, "मॅटीला कुणीतरी सांगा, लाल मफलर घालून लपता येत नाही." मग भारे मॅटीच्या शेडमध्ये रचले गेले आणि तो लस मिळायची आणि बांधकामं सुरू व्हायची वाट बघत पुन्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लागला.

एप्रिल आला, कडक थंडीचा पण कोरडा. मॅटीनं ब्रायडीचं दार वाजवलं. मी माझ्या फाटकात होते, सगळं ऐकू आलं.

"मागचं पाखं काढतोय," तो म्हणाला.

"गळत नाहीये ते."

"माहितीये."

"डेक्लन म्हणेल तू वेडा झालास."

"म्हणू दे."

"मी कुठे जाणार नाही हं या वेळी. पंधरा दिवससुद्धा नाही. पंधरा मिनिटंसुद्धा नाही."

"धूळ पडेल चहात."

"पडू दे."

गावाला ते वेडच वाटलं. वर्षाचंही न झालेलं, डोळ्यांना निर्दोष दिसणारं छप्पर एक म्हातारा माणूस स्वतःच्या हातानं ओळ ओळ उचकटत होता, काड झटकून बाजूला रचत होता आणि जुन्या कामट्या चुलीसाठी एका टोपलीत टाकत होता. मेणबत्त्यांच्या दुकानातल्या बाईनं मला विचारलं, हा प्रात्यक्षिकाचा कार्यक्रम आहे का, फोटो काढले तर चालतील का. मी तिला जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.

मे महिन्यात प्रवासाची बंदी उठली. मला रिंगास्किडीला, कॉर्कच्या बंदराजवळच्या एका औषध कंपनीत जागा मिळाली होती. सामान गाडीत भरून मी निरोप घ्यायला ब्रायडीच्या मागच्या अंगणात गेले. ती खुर्चीत बसली होती, पायांवर ब्लँकेट, आणि मान वर. मॅटी धुरांड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात होता, दिसत नव्हता. फक्त ठोकल्याचा आवाज.

"मॅटी!" ब्रायडी ओरडली. "मुलगी चालली!"

ठोकणं थांबलं. धुरांड्याआडून एक हात वर आला, त्यात मोगरी होती. हात हलला आणि खाली गेला. ठोकणं पुन्हा सुरू.

"तो काही खाली यायचा नाही," ब्रायडी मला म्हणाली. "काल जेवणसुद्धा वरच. एक कोपरा राहिलाय आणि परवा पाऊस सांगितलाय."

"छान झालंय," मी म्हणाले.

"छान कसलं? ती ओळ बघ, वाकडी जातेय." ती पुन्हा ओरडली, "मॅटी, ओळ वाकडी जातेय!"

"ओळ सरळ आहे," पलीकडून आवाज आला. "घर वाकडं आहे."

ब्रायडीनं समाधानानं ब्लँकेट वर ओढलं. "वीस वर्षं टिकेल म्हणतो," ती मला म्हणाली, मोठ्यानं, वर ऐकू जाईल अशी. "म्हणजे मला आता एकशे नऊपर्यंत याची कटकट ऐकायची."

वर पुढची कामटी ठोकली गेली, आणि तिच्यापुढची.